दोन दिवसांचा डोंगर आणि मुक्कामाची जागा

डोंगरावर दोन दिवस जायचे ठरले की घरात पहिला वाद मुक्कामाच्या जागेवरून होतो. खोलीतून दरी दिसते का, पोहायला तलाव आहे का, जेवणखाण धरून माणशी दर किती, गाडी दारापर्यंत जाते का, यावर तासन्‌तास खल चालतो. या सगळ्याची उत्तरे मनासारखी मिळाली तरी सुट्टी वाया जाऊ शकते, असे माझे ठाम मत आहे. माझा पक्ष आधीच मांडून टाकतो. मुक्काम निवडताना सर्वांत आधी एकच गोष्ट पाहावी: पहाटे आणि संध्याकाळी त्या दारातून बाहेर पडून आपण आपल्या पायांनी कड्यापर्यंत जाऊ शकतो का? बाकीचे सारे त्यानंतर.

याचे कारण सह्याद्रीच्या हवेत आहे. हिवाळ्यात रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून खाली सरकते आणि दरीत साचते. तिच्याबरोबर धुकेही तळाला बसते. सूर्य उगवला की डोंगरांचे माथे त्या धुक्यावर सुट्या बेटांसारखे दिसतात. ऊन वर चढले की धुके हलते, फाटते, आणि नऊच्या सुमारास सगळा खेळ आटोपतो. उन्हाळ्यात दुपारी आकाश पांढरट असते, सूर्य डोक्यावर असतो. सावल्याच पडत नाहीत, त्यामुळे कड्यांच्या घड्या, सोंडा, घळी काही वेगळे कळत नाही. समोरचा डोंगर सपाट भिंतीसारखा वाटतो. तोच डोंगर तिरप्या उन्हात, सकाळी सात वाजता किंवा संध्याकाळी सहा वाजता, पापुद्रा न्‌ पापुद्रा दाखवतो. दोन दिवसांच्या सहलीत असे तास मोजकेच येतात. मुक्काम निवडायचा तो ते हाती लागावेत म्हणून.

आता माथेरानचे बघा. माथेरानसाठी सर्वांत जास्त ऐकू येणारा सल्ला असा: "वर राहायची गरजच काय? नेरळ-कर्जतच्या बाजूला चांगली रिसॉर्टं आहेत. तिथे उतरा, एक दिवस वर जाऊन या." हा सल्ला देणारे बचतीचा हिशेब मांडतात, आणि पैशांपुरता तो खराही असेल. पण वेळेचा हिशेब मांडा. सकाळी नाश्ता करून निघायचे, नेरळहून टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर यायचे, तिथे गाडी सोडायची. पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालायचे, नाहीतर अमन लॉज स्थानकावर छोट्या गाडीच्या शटलची वाट बघायची. बाजारात पोहोचेपर्यंत अकरा वाजलेले असतात. मग भर उन्हात दोन-तीन पॉइंट, जेवण, चिक्की आणि चपलांची खरेदी, की परतायची घाई सुरू. म्हणजे माथेरानचा जो प्रहर सर्वांत फिका, नेमका तोच पदरात पडतो. असे जाऊन आलेले लोक "माथेरानात फारसं काही नाही" म्हणतात तेव्हा मला वाईट वाटते. दिवसभराचे पर्यटक उतरून गेल्यावर, झाडांखालच्या लाल वाटेवर फक्त घोड्यांच्या टापा ऐकू येतात ते माथेरान त्यांच्या वाट्याला आलेलेच नसते.

ह्यू मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर 1850 मध्ये या डोंगरावर चढला आणि इथे वस्ती सुरू झाली. आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या खटपटीने 1907 मध्ये नेरळहून छोटी गाडी वर आली. एवढा काळ लोटूनही दस्तुरीच्या पुढे खासगी मोटार जात नाही. 2003 पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांचे कष्ट पाहून आपण खजील व्हायचो. ती प्रथा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये दिला, हे फार चांगले झाले. सांगायचा मुद्दा हा, की हे गाव चालणाऱ्याच्या मापाने बांधलेले आहे. बाजाराजवळ राहिलात तर शार्लोट तलाव, लॉर्ड पॉइंट, लुइझा पॉइंट हे सगळे सहज पायी होते. पॅनोरमा पॉइंट लांब आहे. तिथला सूर्योदय हवा असेल तर अंधारातच निघावे लागते, आणि तिथे तो खाली उतरलेला पाहुणा कधीच वेळेवर पोहोचत नाही.

दुसरा पूर्वपक्ष अधिक लाडका आहे: दरी दिसणारी खोली. "बाहेर नाही पडलो तरी खिडकीतून दिसेल की!" या एका वाक्यापायी लोक दुप्पट दर मोजतात. पावसाळ्यात चार महिने त्या खिडकीत बहुतेक वेळ पांढरा ढग असतो. पश्चिमेचा वारा आणि पाऊस थेट कड्यावरच्या भिंतीवर आदळतो, पांघरुणे ओलसर होतात आणि खिडकी उघडायची सोय राहत नाही. महाबळेश्वरात जुन्या घरांना पावसाआधी बाहेरून गवताच्या झडी बांधत, ते उगाच नव्हे. जुन्या लोकांनी घरे झाडीत, कड्यापासून आत बांधली आणि कड्यावर बसायला दगडी बाके ठेवली. बघायचे ते तिथे जाऊन. हिवाळ्यात खिडकीतली दरी दिसते हे कबूल, पण एकाच कोनातून. कड्याच्या कडेने अर्धा तास चाललात तर तीच दरी अनेकदा वळते. माथेरानात एका वळणावर प्रबळगड समोर येतो, पुढच्या वळणावर तो झाडाआड जातो आणि खालची वाडी, तिची भाताची खाचरे दिसू लागतात. वाऱ्याची दिशा बदलते, ओल्या पानांचा वास येतो. हे काही काचेतून येत नाही.

मग सुखसोयी. पोहण्याच्या तलावाबद्दल माझा आक्षेप केवळ आवडीनिवडीचा नाही. माथेरानच्या माथ्यावर पाणी साठवायला शार्लोट तलाव आहे, पण त्याच्यावर भागत नाही. खालून, नेरळकडून, पंपाने पाणी चढवावे लागते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी उतारावरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. कातळावर पडलेले पाणी वाहून जाते, टिकत नाही. अशा जागी शहरात रोज मिळणारी डुंबायची चैन मागणे मला पटत नाही, आणि पटू नये असे मी आग्रहाने म्हणतो.

याहून न दिसणारी अडचण जेवणाच्या पॅकेजची आहे. सकाळचा नाश्ता आठ ते दहा, जेवण एक ते अडीच, चहा पाचला. पैसे आधीच भरलेले असल्याने माणूस त्या वेळांना बांधला जातो. सातला कड्यावर बसलेला गृहस्थ आठला उठून नाश्त्याला पळतो. संध्याकाळी ऊन तिरपे व्हायला लागते तेव्हा तो भज्यांच्या रांगेत उभा असतो. त्यात बऱ्याच ठिकाणी खोली दुपारी मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकरालाच सोडावी लागते. दोन दिवसांच्या नावाखाली हातात धड एक दिवसही उरत नाही. त्यापेक्षा नुसती खोली घ्यावी आणि बाजारात खानावळीत, भूक लागेल तेव्हा, गरम पिठलं-भाकरी खावी.

कोणी म्हणेल, "आमच्याकडे गाडी आहे. मध्यावर कुठेही राहू आणि सगळे पॉइंट करू." मे महिन्यात किंवा दिवाळीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळच्या वाहनांच्या रांगेत जो अडकला आहे त्याला याचे उत्तर ठाऊक आहे. पाचगणीला राहून महाबळेश्वर करायचे म्हणजे जाऊन-येऊन चाळीसएक किलोमीटर झाले, आणि गर्दीच्या दिवसांत त्याला किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही. पाचगणीला राहिलात तर पाचगणीच बघा. पहाटे टेबललँडवर चढा, उगवतीला कृष्णेचे खोरे बघा. ज्याला आर्थर सीटचे कडे हवेत त्याने क्षेत्र महाबळेश्वरच्या बाजूला राहावे. दोन्ही एका दमात उरकण्याचा हट्ट सोडला की निम्मे प्रश्न सुटतात.

भंडारदऱ्याच्या बाजूला तर हा फरक आणखी ठळक होतो. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला गाड्यांची रीघ लागते. लांबच्या हॉटेलातून रात्री निघालेली गाडी हेडलाइट लावून झाडांपर्यंत येते, आणि त्या झोतात काजव्यांचे लुकलुकणे बघणाऱ्यालाही दिसत नाही आणि त्यांच्या जोडीदारांनाही दिसत नाही. त्या लुकलुकण्यावरच त्यांची पुढची पिढी अवलंबून असते. रतनवाडीत किंवा घाटघरच्या अंगाला कोणाच्या घरी उतरलेला माणूस मात्र अंगणातून चार पावले चालतो, बॅटरी विझवतो आणि उभा राहतो. कळसूबाईचेही तसेच. 1646 मीटरच्या त्या माथ्यावर सकाळ गाठायची तर मुक्काम पायथ्याच्या बारी गावातच हवा.

सर्वांत गंभीर आक्षेप म्हाताऱ्या माणसांचा. "आईचे गुडघे दुखतात, तिला चालवत नाही. तुमचे चालणे तिच्या काय कामाचे?" हा प्रश्न मी मनापासून मानतो. पण एकाकी रिसॉर्टमध्ये अशा आईचे काय होते ते बघा. मुले भटकायला जातात आणि ती खोलीत टीव्हीसमोर बसते, कारण फाटकाबाहेर पाऊल टाकायचे तर गाडी लागते. तिला बाजारपेठेला लागून असलेल्या जागी ठेवा. पडवीत खुर्ची टाकली की समोरून डोक्यावर सामान घेतलेले हमाल, शाळेची पोरे, लगाम धरून चाललेले घोडेवाले जातात. दहा पावलांवर चहाची टपरी असते, देऊळ जवळ असते, दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो. तिचे चालणे पन्नास पावलांचे असेल, पण ते तिचे स्वतःचे असते. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, ज्यांना रात्री-अपरात्री मोठ्या इस्पितळाची गरज पडू शकते, त्यांनी मोटार दारापर्यंत येईल अशीच जागा घ्यावी. तिथे माझा आग्रह मी मागे घेतो.

म्हणून खोली ठरवण्याआधी फोन करावा आणि फोटोंबद्दल काही न विचारता एवढेच विचारावे: तुमच्या दारातून जवळचा कडा चालत किती मिनिटांवर, आणि वाटेत चढ किती? पहाटे साडेपाचला चहा मिळेल का, की फाटकाला कुलूप असते? खोली सोडल्यावर संध्याकाळपर्यंत सामान ठेवाल का? गाव किती लांब? गावातला माणूस या प्रश्नांना चटकन उत्तर देतो. वाट कुठून, कुठे निसरडे आहे, माकडांमुळे कोणती खिडकी लावून घ्यायची, हेही न विचारता सांगतो. त्याची खोली साधी असेल, आंघोळीला बंबातले पाणी बादलीने न्यावे लागेल, तरी ती घ्यावी. आणि पलीकडून "कड्याला जायचं तर गाडी मागवावी लागेल, साहेब" असे उत्तर आले, तर आभार मानून दुसरा नंबर फिरवावा.