टेन्शन घेऊ नकोस म्हणजे नक्की काय करू?

'टेन्शन घेऊ नकोस!' हॉस्टेलमध्ये सर्वात जास्त वेळा ऐकू येणारं आणि सर्वात निरुपयोगी वाक्य हेच असावं. सबमिशनच्या आदल्या रात्री चार असाइनमेंट बाकी असलेल्या मुलीला हे सांगणं म्हणजे पावसात उभ्या माणसाला 'भिजू नकोस' म्हणण्यासारखं. टेन्शन कोणी हौसेने घेत नाही, ते आपोआप मिळतं! तेव्हा मित्रमैत्रिणींनो, 'पॉझिटिव्ह विचार करा' हा सल्ला या लेखात मिळणार नाही.

त्यापेक्षा जरा आपल्याच सिलॅबसकडे बघू. स्ट्रेस म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सगळ्यांना पाठ. त्यामुळे लोड खूप वाढला की वस्तू तुटते, असं चित्र डोक्यात बसतं. पण एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे अ‍ॅक्सल जादा वजन नसतानाही अचानक मोडायचे. ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने १८५० आणि १८६० च्या दशकांत प्रयोग करून दाखवलं, की जो भार अ‍ॅक्सल एकदा सहज पेलतो, तोच भार लाखो वेळा आला की तो मोडतो. हेच आपलं फटीग. १९५४ मध्ये दोन कॉमेट विमानं हवेत फुटली, तीही फटीगमुळेच.

आपलं रोजचं टेन्शन याच जातीचं आहे, असं माझं मत. केटी लागली, घरी कोणी आजारी पडलं, तर अख्खी विंग धावून येते. पण सकाळची बाथरूमची लाइन, राहिलेली जर्नलची सही, रात्री साडेअकराला ग्रुपवर कोणीतरी टाकलेलं 'उद्या टेस्ट आहे ना?', घरच्या फोनवर 'प्लेसमेंटचं काय?'... यातलं एकही कोणाला सांगण्यासारखं नसतं, म्हणून कोणी सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरची एक मुलगी सेमिस्टरच्या मध्येच बॅग भरून घरी गेली, ती परत आलीच नाही. केटी नव्हती, भांडण नव्हतं. 'काय झालं?' या प्रश्नाला तिच्याकडेही उत्तर नव्हतं. स्टीलला निदान एन्ड्युरन्स लिमिट असते, अ‍ॅल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नसते. आपल्यातही दोन्ही प्रकारची माणसं आहेत आणि कोण कुठल्या प्रकारचं, हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

एक फरक मात्र आपल्या बाजूचा आहे. धातूतली भेग रात्रभर आराम देऊन भरून येत नाही. माणूस झोपून उठला की बराचसा सावरतो. म्हणून माझा पहिला आग्रह झोपेचा. 'नाइट मारली' हे आपल्याकडे शौर्यपदक असल्यासारखं सांगतात! रात्री अकराच्या चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारला निम्मा कप अंगात शिल्लक. त्यानंतर पाठ केलेलं वायवात किती आठवतं, ते ज्याचं त्याने बघावं. दुसरं, बाकी कामं डोक्यात न ठेवता कागदावर लिहायची, अगदी 'प्रिंटआउट काढणे' सुद्धा. डोक्यात चाळीस वाटणारी कामं कागदावर अकरा भरतात. वायवाच्या लाइनमध्ये उभं असताना श्वास सावकाश सोडायचा, घेताना लागला त्यापेक्षा जास्त वेळ. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. आणि मेसचं जेवण झालं की इन-टाइमच्या आत गेटपर्यंत एक चक्कर, मोबाइल रूमवर ठेवून.

पण सर्वात उपयोगी उपाय म्हणजे बोलणं, तेही आपल्या भाषेत. आम्ही कॉन्व्हेंटवाल्या मुली 'आय अ‍ॅम फाइन' इतक्या सफाईने म्हणतो की आम्हालाच ते खरं वाटू लागतं. 'मला कसंतरीच होतंय गं' हे मात्र मराठीतच बाहेर पडतं. समोरच्या मैत्रिणीने लगेच उपाय सांगायची गरज नाही. नुसतं 'हं, मग?' म्हटलं तरी पुरतं.

आता सर आणि मॅडम, थोडं तुमच्यासाठी. कॉमेटच्या भेगा सुरू झाल्या त्या खिडक्यांसारख्या कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांजवळ, कारण स्ट्रेस तिथे एकवटतो. म्हणून तर डिझाइनमध्ये तीक्ष्ण कोपऱ्याला फिलेट द्यायला तुम्हीच शिकवता. आमच्या टर्मचा तसला कोपरा म्हणजे शेवटचा आठवडा: सगळी जर्नल्स, सगळे ओरल्स, सगळ्या सह्या तेव्हाच. मुलं वेळेवर लिहीत नाहीत ही तुमची तक्रार खोटी नाही. पण दर पंधरा दिवसांनी सही झाली तर आम्हाला लिहावंच लागेल, आणि जीटी मारायलाही वेळ उरणार नाही! विषयांच्या तारखा एकमेकींपासून दोन-तीन दिवस लांब ठेवल्या, तर कोणाचाही सिलॅबस कमी होत नाही.

आणखी एक. मैत्रीण किंवा रूममेट पुरेशी नाही असं वाटलं, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा नंबर आमच्या विंगमध्ये आरशाच्या बाजूला चिकटवला आहे, कारण नोटीस बोर्ड कोणी वाचत नाही. बॉइज हॉस्टेलमध्ये आरसा नसेल, तर मेसच्या पाण्याच्या कूलरवर लावा. आणि पुढच्या टर्मच्या तारखा ठरवताना सीआरना बोलावलं, तर सगळ्या ब्रँचेसचा तक्ता करून आणायची जबाबदारी माझी.