‘आढळलें नाहीं’ म्हणजे शून्य नव्हे

द्राक्षांच्या नमुन्याच्या अहवालांत अमुक औषध ‘आढळलें नाहीं’ असा शेरा दिसला, कीं बागाईतदार निश्चिंत होतो. त्या शेऱ्याचा अर्थ समजून घेतल्याविना ही निश्चिंतता बाळगणें हितावह नाहीं, असें आमचें नम्र मत आहे.

ओढ्याच्या खळखळाटांत दूरची हाक ऐकूं आली नाहीं, म्हणून हाक मारणारा कोणी नव्हताच असें ठरत नाहीं. प्रयोगशाळेंतील यंत्राचेंही तसेंच आहे. औषधाचा लेशही नसलेला नमुना घातला, तरी यंत्राची रेषा थरथरत राहते. विजेंतील चढउतार, उष्णमानांतील फरक, फळाच्या रसांतील इतर द्रव्यें हीं त्याचीं कांहीं कारणें होत. या थरथरीस शास्त्रज्ञ ‘गोंगाट’ म्हणतात. औषधाची खूण गोंगाटाच्या तिप्पट उंच दिसली तर ‘तें आहे’ म्हणावें, आणि दसपट दिसली तरच आकडा लिहावा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. पहिली शोधमर्यादा, दुसरी मापनमर्यादा. या मर्यादांतील भेद लॉइड करी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १९६८ सालीं स्पष्ट मांडला.

युरोपीय संघांत ज्या औषधास स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाहीं, त्यास किलोस ०.०१ मिलिग्राम ही मर्यादा लागू होते. आतां ज्या यंत्राची शोधमर्यादाच ०.०५ आहे, तेथें ०.०३ अंशाचा मालही निर्दोष ठरण्याचा संभव आहे. आणि तोच माल परक्या बंदरांत अडेल. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळें आपलीं द्राक्षें युरोपांत अडलीं, तेव्हां तर तें औषध येथील तपासणीच्या यादींतच नव्हतें. ज्याचा शोध घेतला नाहीं, तें आढळावें कसें?

महसुली दप्तरांत कोरा रकाना आणि ‘निरंक’ हे दोन निराळे मानले जातात. कोऱ्या रकान्यानें चौकशी झाली कीं नाहीं हेंच कळत नाहीं. ‘निरंक’ लिहिणारा चौकशीची जबाबदारी घेतो.

अधिक सूक्ष्म यंत्रास खर्च अधिक, हें आम्ही जाणतों. परंतु असलेली मर्यादा छापण्यास खर्च तो कोणता? यास्तव तपासलेल्या औषधांची यादी व प्रत्येकाची मर्यादा ज्या अहवालावर नाहीं, तो शेतकरी बंधूंनीं स्वीकारूं नये. तपासणीचे पैसे आपण देतों. तिची नजर कोठवर पोहोंचते, हें विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.