वकीलसाहेब सांगलीला, दाव्याला पुढची तारीख! नेमकं अडलंय कुठं?

जत असो, आटपाडी असो की कवठेमहांकाळ. तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात सकाळी अकराला उभं राहिलं की एक संवाद हमखास कानावर पडतो.

"साहेब कुठं हायत?"
"काका, साहेब सांगलीला गेलेत. आज अर्ज दिलाय. पुढची तारीख घेतो."

एवढ्यावर दिवस संपतो. एसटीचं भाडं गेलं, रोजगार बुडला, साक्षीला आणलेला माणूस वैतागून परत गेला. गावात आल्यावर पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "कोर्टाचं काम असलंच असतंय."

पण खरंच सगळा दोष कोर्टाचा आहे का?

खंडपीठ जवळ आलं, पण तालुक्याचं काय?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. कित्येक वर्षांची मागणी पूर्ण झाली, आनंद झालाच.

मात्र बांधाचा वाद, वाटणीचा दावा, चेक न वटल्याची केस, पोटगीचा अर्ज या गोष्टी सुरू होतात तालुक्यातच, आणि बहुतेक वेळा अडकतातही तालुक्यातच. राज्यातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत मिळून ५० लाखांहून जास्त प्रकरणं पडून आहेत. न्यायाधीश कमी, कर्मचारी कमी, समन्स वेळेवर बजावलं जात नाही, ही कारणं खरी आहेत. पण प्रकरणं का रखडली याची कारणं सरकारी 'नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड'वर मांडलेली असतात, आणि त्यात 'वकील उपलब्ध नाही' असंही एक कारण आहे. या कारणावर गावात बोललं जात नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

कायदा काय म्हणतो?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्यात. एक, सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून देऊ नये. दोन, वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलाय हे तारीख वाढवायचं कारण होऊ शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही फौजदारी खटल्यांसाठी हेच म्हटलंय.

म्हणजे 'साहेब सांगलीला गेलेत' हे कायद्याच्या लेखी कारणच नाही! तरी ते रोज चालतं. कारण कोर्टाने कडक व्हायचं ठरवलं तर फटका बसतो पक्षकाराला. वकील आला नाही म्हणून पुरावा बंद केला, तर जमीन तुमची जाते, वकिलाची नाही. म्हणून न्यायाधीशही पुष्कळदा सबुरीनं घेतात.

एका माणसाच्या डोक्यात चाललेलं ऑफिस

आता वकिलाच्या बाजूने बघू. तालुक्यातल्या चालत्या वकिलाचं ऑफिस म्हणजे काय? एक टेबल, कपाटभर फाइली, एक कारकून, एखादा ज्युनियर आणि एक डायरी. सगळं काम साहेबांच्या डोक्यात.

साधा हिशोब मांडू. समजा, एका वकिलाकडे ३०० प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाला साधारण सहा आठवड्यांनी तारीख पडते. सहा आठवड्यांत कोर्टाचे कामाचे दिवस धरा ३०. म्हणजे रोज १० प्रकरणं. त्यातल्या दोनांत उलटतपास आणि एकात युक्तिवाद असला, तर तेवढ्यातच दिवस संपतो. उलटतपास घ्यायचा तर आदल्या रात्री फाइल वाचावी लागते. त्यात तहसीलला रस्त्याची केस, प्रांताकडे फेरफाराचं अपील, जिल्हा कोर्टात जामीन. माणूस एक, जागा चार.

मग काय होतं? जे प्रकरण गळ्याशी आलंय ते धरलं जातं, बाकीच्यांना तारीख. तुमचं प्रकरण 'बाकीच्यां'मध्ये गेलं की वर्ष निघून जातं. यात प्रत्येक वेळी वकिलाची नियत खोटी असते असं नाही. आपण किती काम पेलू शकतो हे त्यांनी कधी मोजलेलंच नसतं.

द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीला टोळी किती माणसांची, दिवसाला किती बाग उरकते, मागून पेस्ट लावायला कोण, हे ठरवल्याशिवाय कुणी कात्री लावत नाही. दहा बागांची सुपारी घेऊन टोळी चारच माणसांची आणली, तर सहा बागांची छाटणी लांबते आणि पुढचा सगळा हंगाम बिघडतो. वकिलाच्या ऑफिसचं गणित याहून वेगळं नाही.

ऑफिस सुधारायचं तर काय?

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. शिस्तीनं चालणाऱ्या ऑफिसात काही साध्या गोष्टी दिसतात.

पहिली, उद्याचं बोर्ड आज संध्याकाळी तयार. कुठल्या कोर्टात कुठलं प्रकरण, तिथं कोण उभं राहणार, फाइल कुणी वाचली, हे कागदावर. दोन ठिकाणी एकाच वेळी पुकारा होणार हे आदल्या दिवशी कळलं, तर दुसरा वकील उभा करता येतो. सकाळी साडेदहाला कळलं तर उरतो फक्त तारखेचा अर्ज.

दुसरी, कामाची वाटणी. नक्कल काढणं, प्रोसेस फी भरणं, समन्स बजावलं का बघणं हे कारकुनाचं. पुरसीस, साधे अर्ज, कैफियतीचा पहिला मसुदा ज्युनियरचा. उलटतपास आणि युक्तिवाद साहेबांचा. साहेबच नक्कल विभागाच्या खिडकीत उभे राहिले, तर फाइल वाचणार कोण?

तिसरी, मुदतीची वेगळी वही. समन्स मिळाल्यापासून कैफियत द्यायला ३० दिवस असतात, कारण दाखवून ९० पर्यंत वाढतात. दाव्याच्या निकालावर जिल्हा कोर्टात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. तहसीलदार किंवा प्रांतांच्या महसुली आदेशावर अपील ६० दिवसांत. या तारखा डोक्यात ठेवायच्या नसतात. नकलेसाठी लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत, पण त्यासाठी आधी नकलेचा अर्ज केलेला असावा लागतो.

चौथी, 'नाही' म्हणणं. पुराव्याच्या टप्प्यावरची किती प्रकरणं एका वेळी झेपतात हे ठरवायचं आणि त्यावर नवं काम घ्यायचं नाही, किंवा जोडीला दुसरा वकील घ्यायचा. आलेलं काम परत पाठवणं जिवावर येतं, मान्य. पण घेतलेलं काम पडून राहिलं तर नाव त्याहून लवकर जातं.

पाचवी, तारीख झाली की पक्षकाराला चार ओळींचा मेसेज. आज काय झालं, पुढची तारीख कधी, तुम्ही काय आणायचं, यायची गरज आहे की नाही. एवढं केलं तरी ऑफिसात येणारे निम्मे फोन थांबतील.

ज्युनियर टिकत का नाहीत?

कामाची वाटणी करायची तर हाताखाली माणूस पाहिजे. तालुक्यात ज्युनियर येतो, वर्ष-दीड वर्ष फाइली उचलतो आणि पुण्याला जातो, नाहीतर स्पर्धा परीक्षेला लागतो. कारण पेट्रोलचे पैसेही सुटत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियर वकिलांना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही.

इथं आपलाही वाटा आहे. 'तारखेला पाचशे' असा भाव पाडून आपण वकील लावतो, स्वस्त म्हणून अर्धं गाव त्याच वकिलाकडे जातं, आणि मग 'आमच्याकडे बघत नाही' म्हणतो. तारखेवर पैसे ठरले की तारीख पडणं कुणालाच टोचत नाही. त्यापेक्षा कैफियत, पुरावा, युक्तिवाद अशा टप्प्यांवर फी ठरवा आणि ती वेळेवर द्या. मग काम पुढं सरकण्यात दोघांचाही फायदा राहतो.

झोपून राहिलात तर?

तुमचा दावा पुकारला, तुम्ही नाही, वकील नाही आणि समोरचा हजर आहे, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. मग त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. काढलेला दावा परत लावून घ्यायचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. समोरच्याने तुमच्यावर लावलेल्या दाव्यात एकतर्फी हुकूमनामा झाला तरी तो रद्द करून घ्यायची मुदत ३० दिवसच, आणि समन्स नीट बजावलं नसेल तर तुम्हाला कळल्यापासून.

'चूक वकिलाची होती' असं म्हणून सुटका होते का? १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निर्दोष पक्षकाराला वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा नको असं म्हटलं. पण १९९३ मध्ये त्याच न्यायालयाने हा सरसकट नियम नाही हेही सांगितलं. आपल्या प्रकरणावर पक्षकाराचं स्वतःचं लक्ष होतं का, हे कोर्ट बघतं.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल दिला. म्हणजे ग्राहक मंचाचं दार बंद. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करता येते, पण त्याने गेलेली मुदत परत येत नाही.

मग आपण काय करायचं?

▪ आपल्या प्रकरणाचा १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबर वकिलाकडून मागून घ्या. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी मोफत ॲप मोबाइलवर घ्या, नंबर टाका. पुढची तारीख, टप्पा, मागच्या तारखेला काय झालं, सगळं घरबसल्या दिसतं. घरातल्या शिकलेल्या पोराला लावा कामाला.

▪ दावा दाखल करताना कागदावर मोबाइल नंबर कुणाचा लिहिलाय ते बघा. मेसेज तुमच्या फोनवर यायला हवेत.

▪ वकीलपत्रावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. "साहेब, तुम्ही नसाल त्या दिवशी कोण उभं राहणार? तारखेनंतर मला कोण कळवणार? सध्या पुराव्यावर किती प्रकरणं आहेत तुमच्याकडे?" विचारण्यात अपमान नाही. चांगला वकील सरळ उत्तर देईल.

▪ प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा. दिलेल्या पैशाची पावती घ्या.

▪ वकील बदलायची वेळ आली तर फी राहिली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. फी मागायचा हक्क वकिलाला आहे, पण कागद तुमचे आहेत.

▪ महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, दिव्यांग आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते. हेल्पलाइन १५१००.

कोल्हापूरला बेंच आलं हे चांगलंच झालं. पण तिथपर्यंत फाइल धडपणे पोचवायचं काम तालुक्यातल्या त्या एका टेबलावर होतं. तालुका बार असोसिएशनने एक दिवस बसून यावर चर्चा करावी. कोण किती काम पेलतो, एकमेकांच्या गैरहजेरीत कोण उभं राहतो, ज्युनियरला किती देता येतं, एवढंच ठरलं तरी कितीतरी तारखा वाचतील.

आणि आपण? आज संध्याकाळी ॲप उघडा, नंबर टाका, शेवटच्या तारखेला काय झालं ते वाचा. तिथं सलग तीनदा फक्त 'तारीख वाढवली' असं दिसलं, तर उद्या सकाळी वकीलसाहेबांच्या ऑफिसात जाऊन बसा.