खिळ्यापुरती काटकसर

ओझरच्या कारखान्यात सुखोई विमानाची संपूर्ण दुरुस्ती ठरावीक उड्डाण-तासांनंतर होते. अपघाताची वाट पाहिली जात नाही. रेल्वेच्या उरल्यासुरल्या लाकडी स्लीपरांनाही हाच न्याय हवा. पावसाने लाकूड कुजले की खिळ्याचे भोक रुंदावते, पकड सुटते आणि दोन रुळांतील अंतर वाढते. त्याच भोकात खिळा पुन्हा ठोकणे ही काटकसर नव्हे, आत्मवंचना होय. भोक लाकडी गुटक्याने बुजवून नवे छिद्र पाडावे. गाभाच कुजला असल्यास स्लीपर बदलावा. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यानंतर माथेरानची गाडी थांबली, तेव्हा बंद मार्गाची किंमत पर्यटनावर जगणाऱ्या गावाने मोजली. देखभाल म्हणजे उधळपट्टी नव्हे, भांडवलाचे रक्षण होय, हे अंदाजपत्रक आखणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.