पाच मिनिटांत किती अंतर?

शाळेच्या मैदानावर शंभर मीटरची शर्यत असली की मुले अनवाणीही धावतात. शिट्टी वाजली की सुटायचे आणि दोरीला छाती लागली की थांबायचे, एवढेच त्यांना ठाऊक असते. धावणे हा माणसाचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त खेळ. त्याला ना बॅट लागते, ना चेंडू, ना फी. लागते ती थोडी मोकळी जागा, आणि आपण परत येईपर्यंत घर जागेवर असेल ही खात्री.

ज्यांच्याजवळ या दोन्ही गोष्टी नाहीत, ते कसे धावत असतील? हा प्रश्न एका नाटकाने जगापुढे ठेवला आहे. नाटकाचे नाव 'अ नॉक ऑन द रूफ', म्हणजे 'छतावरची थाप'. ते लिहिले आणि एकटीने सादर केले खौला इब्राहीम या अभिनेत्रीने. दिग्दर्शन ऑलिव्हर बटलर यांचे. ऑगस्ट २०२४ मध्ये एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात, जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि त्यानंतर लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये त्याचे प्रयोग झाले.

एकपात्री प्रयोग आपल्याला नवा नाही. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने सगळे वऱ्हाड रंगमंचावर उभे केले होते. उर्दूत दास्तानगो तर एका जागी बसून फौजाच्या फौजा लढवत. एकच माणूस बोलतो आणि बाकीचे सारे ऐकणाऱ्याला आपल्या मनात उभे करावे लागते. खौला इब्राहीमच्या नाटकात अशाच रिकाम्या जागेत गाझामधली एक इमारत उभी राहते. तिथे मरियम नावाची तरुण आई आहे. नवरा शिकायला परदेशी गेलेला, लहानगा मुलगा नूर पदराशी आणि म्हातारी अम्मी सोबतीला.

नाटकाचे नाव समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. एखादी इमारत पाडण्यापूर्वी इस्रायली लष्कर कधी तिच्या छतावर लहान बॉम्ब टाकते. अर्थ असा की, आता निघा, मोठा बॉम्ब येतो आहे. २००८-०९ च्या गाझा युद्धात ही पद्धत जगाच्या नजरेत आली. लष्कराच्या भाषेत ही 'सूचना' आहे. आत राहणाऱ्यांच्या हातात यानंतर पाच ते पंधरा मिनिटे उरतात. मागच्या युद्धात तर अनेक कुटुंबांना एवढीही मुदत मिळाली नाही.

मरियम ही पाच मिनिटे मोजायला बसते. घरातून निघून, जिने उतरून, मुलाला कडेवर घेऊन पाच मिनिटांत आपण किती लांब पोहोचू? मग ती सराव सुरू करते. घड्याळ लावून धावते. मुलाच्या वजनाइतके ओझे भरून ते उचलून धावते. सोबत काय घ्यायचे आणि काय सोडायचे याची यादी रोज बदलते. अम्मीच्या पायांचा वेग किती, हेही त्या हिशेबात धरावे लागते. मधूनच ती प्रेक्षकांकडे वळून त्यांनाही विचारते, तुम्ही काय घेतले असते? यात विनोदही आहे, कारण घरात आई आणि लेक असल्या की कुरबुर आणि हसू दोन्ही असणारच. शेवट मी इथे सांगणार नाही.

नाटकाची ही कल्पना मला कितीतरी दिवस सोडत नव्हती. मरियम जे करते ते अगदी खेळाडूसारखे आहे. ठरलेले अंतर, ठरलेला वेळ, रोजचा सराव, कालच्यापेक्षा आज थोडे लवकर. आपल्या पी.टी.च्या शिक्षकांनी पाहिले तर तिची पाठ थोपटतील. फरक एवढाच की खेळाडू जिंकण्यासाठी धावतो आणि हरला तरी रात्री घरी जेवायला येतो. मरियमच्या शर्यतीत दोरीला छाती लागली तरी मागे घर उरत नाही. दुसऱ्याच्या ताब्यात जगणे म्हणजे काय, हे मुलांना कसे समजवावे असे पालक कधी विचारतात. मला वाटते, त्याचे एक उत्तर इथे आहे. जिथे खेळाची कवायत होते आणि धावण्याचा आनंद आईच्या हिशेबात जमा होतो, तिथे ताबा केवळ जमिनीवर नसतो. तो पायांवर, श्वासावर आणि लहान मुलाच्या वजनावरही असतो.

ही कल्पना नाटककाराला हवेतून सुचलेली नाही. २०१४ मध्ये, गाझावर पन्नासहून अधिक दिवस हल्ले चालू होते त्या वर्षी, खौला इब्राहीमने दहा मिनिटांचे एक स्वगत लिहिले आणि पुढे त्याचे नाटक झाले. त्याच वर्षी १६ जुलैला गाझाच्या किनाऱ्यावर वाळूत खेळणारी बक्र कुटुंबातली चार मुले इस्रायली हल्ल्यात मारली गेली. वये नऊ ते अकरा. किनारा हेच त्यांचे मैदान होते.

लेखिका स्वतः मजदल शम्स गावची. हे गाव गोलनच्या डोंगरात आहे. तो प्रदेश १९६७ च्या युद्धात इस्रायलने सीरियाकडून घेतला. एडिंबरोचे प्रयोग सुरू होण्याच्या थोडेच दिवस आधी, २७ जुलै २०२४ रोजी, तिच्या याच गावातल्या फुटबॉलच्या मैदानावर रॉकेट पडले आणि बारा मुले गेली. हे रॉकेट हिजबुल्लाहचे होते असे इस्रायल आणि अमेरिका म्हणतात, हिजबुल्लाहने ते नाकारले. कुणाचेही असो, मैदानावर खेळणाऱ्या मासूम मुलाच्या जिवाला दुसरी बाजू नसते. आपण इन्साफ मागतो तेव्हा ही मुलेही आपल्या मोजणीत असली पाहिजेत, नाहीतर आपली मागणी अर्धीच राहील.

आता नाटकातून बाहेर येऊन पॅलेस्टाइनच्या खऱ्या धावपटूंकडे पाहू.

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. गाझा पट्टीची लांबी सुमारे ४१ किलोमीटर. म्हणजे उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत सरळ धावले तरी एक मॅरेथॉन पुरी होत नाही. वेस्ट बँक त्याहून पुष्कळ मोठा, पण तिथे अडचण वेगळी. भिंत, तपासणी नाके आणि वसाहतींचे रस्ते यांनी तो इतका तुकड्या-तुकड्यांत वाटला गेला आहे की पॅलेस्टिनी ताब्यातला सलग ४२ किलोमीटरचा रस्ता सापडत नाही. २०१३ मध्ये बेथलेहेमला पहिली पॅलेस्टाइन मॅरेथॉन झाली तेव्हा आयोजकांना हेच दिसले. मग त्यांनी त्याच रस्त्यावर पुन्हा फेरी मारण्याचा मार्ग काढला. ही शर्यत हजरत ईसा यांच्या जन्मस्थळी बांधलेल्या चर्चसमोरच्या चौकातून सुटते, निर्वासितांच्या छावण्यांजवळून जाते, काही अंतर त्या उंच भिंतीच्या कडेने धावते आणि वळून परत येते.

या शर्यतीमागच्या गटाने आपले नाव ठेवले 'राइट टू मूव्हमेंट', म्हणजे ये-जा करण्याचा हक्क. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे तेरावे कलम हाच हक्क देते. आपल्या देशात कुठेही फिरण्याचा, देश सोडण्याचा आणि आपल्या देशात परत येण्याचा. हा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ चा. त्याच १९४८ साली सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी आपल्या घरांतून उखडले गेले, ज्याला ते नकबा म्हणतात. परत येण्याचा हक्क कागदावर आला त्याच वर्षी लाखोंच्या घराच्या किल्ल्या निरुपयोगी झाल्या.

नादिर अल-मसरी हा गाझाच्या बैत हानूनचा धावपटू. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तो पाच हजार मीटर धावला. २०१४ मध्ये त्याला बेथलेहेमच्या मॅरेथॉनमध्ये धावायचे होते. गाझातून बेथलेहेम हे मोटारीने दोन तासांचेही अंतर नाही. परवानगी मिळाली नाही. प्रकरण इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही नकारच आला. चीनपर्यंत जाऊन धावलेल्या माणसाला आपल्याच लोकांच्या शर्यतीत धावता आले नाही.

इथे आपल्या घरातली एक गोष्टही बोलली पाहिजे. गाझामध्येही मॅरेथॉन होत असे. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने ती २०११ मध्ये सुरू केली होती. २०१३ मध्ये ती रद्द करावी लागली, कारण तिथल्या हमास प्रशासनाने स्त्रियांना धावायला मनाई केली. बाहेरच्या भिंतीला विरोध करताना आतली भिंत आपण का बांधावी? हजरत हाजरा तहानलेल्या बाळासाठी सफा आणि मरवाच्या मध्ये सात वेळा धावल्या. त्या एका आईच्या धावण्याची आठवण म्हणून हजला आणि उमराहला जाणारा प्रत्येक जण, मग तो बादशहा असो की मजूर, आजही सई करतो. ज्या उम्मतच्या इबादतीत एका आईची धाव कायमची आहे, तिथे मुलीने धावण्यावरून वाद घालताना दहा वेळा विचार व्हावा. नाटकातल्या मरियमलाही पाच मिनिटांच्या शर्यतीत बाई म्हणून कुणी सूट देणार नव्हते.

फुटबॉलपटूंची कहाणी वेगळी नाही. पॅलेस्टाइनला फिफाचे सदस्यत्व १९९८ मध्ये मिळाले, पण मायदेशाच्या मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळायला २००८ चा ऑक्टोबर उजाडला. जेरुसलेमजवळच्या अर-राम गावात जॉर्डनविरुद्धचा तो सामना १-१ असा सुटला. दहा वर्षे हा संघ दुसऱ्यांच्या मैदानांना आपले घर म्हणत होता. महमूद सरसक हा रफाहचा तरुण खेळाडू. २००९ मध्ये वेस्ट बँकच्या क्लबकडून खेळायला निघाला असताना गाझाच्या नाक्यावर त्याला पकडले. तीन वर्षे त्याच्यावर ना आरोप ठेवला, ना खटला चालवला. त्याने नव्वद दिवसांच्या वर उपोषण केले तेव्हा जुलै २०१२ मध्ये त्याची सुटका झाली. मैदानावर धावून कमावलेले शरीर त्याने आपली बाजू मांडण्यासाठी वाळवले, कारण दुसरे काही त्याच्या हातात नव्हते.

माजिद अबू मराहील यांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असावे असे मला वाटते. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये पॅलेस्टाइनचा झेंडा पहिल्यांदा मैदानात आला, तो त्यांच्या हातात होता. ते दहा हजार मीटर धावले. जून २०२४ मध्ये गाझाच्या नुसैरात छावणीत मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले. युद्धात दवाखाने बंद पडले होते, उपचारांसाठी इजिप्तला जावे तर रफाहचा नाका मे महिन्यापासून बंद होता. ज्याने साऱ्या जगासमोर पंचवीस फेऱ्या धावून पूर्ण केल्या, त्याला आपल्या घरापासून सीमेपलीकडच्या दवाखान्यापर्यंत जाता आले नाही.

आणि सुलेमान अल-उबैद. लोक त्याला पॅलेस्टाइनचा पेले म्हणत. पाच मुलांचा बाप. ६ ऑगस्ट २०२५ रोजी दक्षिण गाझात मदतीच्या अन्नाची वाट पाहत असताना तो मारला गेला. युरोपच्या फुटबॉल संघटनेने त्याला मोजक्या शब्दांत निरोप दिला. त्यावर इजिप्तचा नामवंत खेळाडू मोहम्मद सलाह याने एवढेच विचारले की तो कसा मेला, कुठे आणि का, हे सांगाल का? निरोपाच्या गोड शब्दांत जे लपले होते, ते या साध्या प्रश्नाने उघडे पडले.

तरीही हे लोक खेळणे सोडत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये, घरी बॉम्ब पडत असताना, पॅलेस्टाइनच्या संघाने कतारमध्ये हाँगकाँगला ३-० ने हरवले आणि आशिया चषकाच्या बाद फेरीत पहिल्यांदा पाऊल ठेवले. त्या गोलांनी एकही घर परत उभे राहिले नाही. पण ज्याला जगाने फक्त आकड्यांत मोजले, त्याचे नाव त्या दिवशी पाठीवर लिहिलेले दिसले. खेळ आणि नाटक दोन्ही हेच करतात. ते आकड्याला चेहरा देतात. बातमीत 'इतके ठार' असे वाचून आपण पान उलटतो. नाटकात एकटी बाई ओझे उचलून धावते आणि आपल्या नकळत आपले पाय आखडतात.

म्हणून या महिन्यात एक छोटे काम सुचवते. रात्रीच्या जेवणानंतर, टीव्ही बंद करून, घरातल्या सगळ्यांनी मिळून मरियमचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पाच मिनिटे आहेत. दादीला जिना उतरायला किती वेळ लागेल? धाकट्याला कोण उचलेल? कपाटातले काय घ्याल? निकाह झाला तेव्हाचा अल्बम, जमिनीचे कागद, की औषधाची पिशवी? मुले उत्तर देताना आधी हसतील, मग गप्प होतील. त्या वेळी त्यांना घाबरवू नका आणि कुणाचा द्वेषही शिकवू नका. एवढेच सांगा की हा हिशेब जगात कुणाही मुलाला करावा लागू नये, आणि तसे स्पष्ट बोलणे हे आपले काम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मैदानावर न्या. मुलगा असो वा मुलगी, मनसोक्त धावू द्या. घड्याळ घरी ठेवा.