मालिकेतल्या माणसांचा पगार किती?

‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका २९ जुलै २०२५ रोजी पुन्हा अवतरली, तेव्हा चर्चा झाली ती तुलसीच्या पुनरागमनाची. ३ जुलै २००० ते नोव्हेंबर २००८ असा अठराशेहून अधिक भागांचा संसार करून झालेली मालिका परत येते, ही करमणुकीच्या बाजारातली मोठी घटना खरीच. माझी अडचण मात्र वेगळी आहे. उभी नोकरी मी बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली. समोर माणूस बसला की पहिला प्रश्न ठरलेला : उत्पन्नाचे साधन काय? मालिका बघतानाही तो प्रश्न माझी पाठ सोडत नाही. आणि अलीकडच्या बहुतेक कौटुंबिक मालिकांना त्याचे उत्तर देता येत नाही.

एके काळी ते देता येत होते. १९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘हम लोग’ मध्ये मनोहर श्याम जोशी यांनी थोरला मुलगा लल्लू याला नोकरीसाठी वणवण करायला लावली. त्याच वर्षीच्या ‘ये जो है जिंदगी’ मध्ये शरद जोशींच्या लेखणीतून उतरलेला बेकार मेहुणा बहिणीच्या घरी मुक्काम ठोकून होता. हसू यायचे ते त्याच्या त्या फुकटच्या मुक्कामाचेच. सईद मिर्झा आणि कुंदन शहा यांच्या १९८६ च्या ‘नुक्कड’ मध्ये तर वायरमन, सायकल दुरुस्त करणारा, हॉटेलवाला, भिकारी, अशी प्रत्येकाची ओळखच मुळी धंद्यावरून होती. दोन वर्षांनी आर. के. लक्ष्मण यांचा वागळे आला. विक्री विभागातला हा कारकून आपल्याकडचाच. अंजन श्रीवास्तव यांच्या चेहऱ्यावर महिनाअखेर दिसायची आणि भारती आचरेकर यांच्या आवाजात वाण्याची उधारी ऐकू यायची.

मराठीतही हेच होते. चि. वि. जोशींचा चिमणराव मुंबई दूरदर्शनवर आला तो कारकुनी संसारासकट. १९९७ ची ‘दामिनी’ पत्रकार होती. १९९९ च्या ‘आभाळमाया’तली सुधा जोशी प्राध्यापिका, तिचे दुःख घरातले होते, पण सकाळी तिला कॉलेजात जायचे असे. २००१ मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ केली. निवृत्त आजोबा, नोकरदार मुलगा, घर सांभाळणारी सून, शिकणारी नातवंडे. कुणी कुणाला विष घातले नाही, तरी आठवडाभर लोक त्या अर्ध्या तासाची वाट पाहत.

आता संध्याकाळी सातनंतर टीव्ही लावा. नायक बहुधा उद्योगपती असतो. उद्योग कसला, हे विचारायचे नाही. कुठल्याशा ‘डील’ची फाइल हरवते, कुठल्याशा ‘प्रोजेक्ट’वर संकट येते आणि खलनायिका दुधाच्या पेल्याबरोबर कागद पुढे करून एका सहीत बंगला नावावर करून घेते. अहो, मुद्रांक शुल्क आहे, दुय्यम निबंधकाचे कार्यालय आहे, साक्षीदार आहेत, अंगठ्याचे ठसे आणि छायाचित्रे आहेत! घर नावावर करताना सामान्य माणसाच्या चपला झिजतात. मालिकेत मात्र हे काम जिरे-मोहरीच्या फोडणीइतक्या वेळात उरकते.

याचा दोष एकट्या लेखकाच्या माथी मारता येणार नाही. आठवड्याचे पाच-सहा दिवस, रोज वीस-बावीस मिनिटे मजकूर पुरवायचा, तर चित्रीकरण एका दिवाणखान्यात कोंडावे लागते. कचेरी, कारखाना, लोकल दाखवायची तर माणसे वाढतात, परवानग्या वाढतात, खर्च वाढतो. त्या धंद्यात तयार भागांच्या साठ्याला ‘बँक’ म्हणतात. ही बँक कायम दिवाळखोरीच्या काठावर असते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि या सगळ्यांवर दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे. आकडा उतरला की कथेला वळण. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. एवढ्या लांबीत कुठल्याही लेखकाची मूळ गोष्ट शाबूत राहणे कठीण.

दिवसभर राबलेल्या माणसाला पुन्हा राबणारी माणसे का दाखवायची, असे कुणी म्हणेल. ‘नुक्कड’च्या वेळी दुसरी वाहिनीच नव्हती, हाही आक्षेप रास्त. पण ‘टिपरे’ लोकप्रिय झाली ती वाहिन्यांच्या गर्दीत. आणि २०२० साली आलेल्या ‘पंचायत’चे काय? इंजिनिअर झालेला मुलगा वीस हजारांच्या पगारावर फुलेरा गावात पंचायत सचिव होतो आणि रात्री कॅटच्या परीक्षेचा अभ्यास करतो, एवढीच गोष्ट. सारा देश तिच्यावर खूश. ‘गुल्लक’ मधले मिश्राजी वीज खात्यात नोकरीला. प्रेक्षकाला पगाराची ॲलर्जी असती, तर या मालिकांचे पुढचे भाग निघालेच नसते.

पण गोम इथेच आहे. ‘पंचायत’ आणि ‘गुल्लक’ वर्गणी भरून पाहायच्या ठिकाणी आल्या. म्हणजे तुटपुंज्या पगाराच्या माणसाची गोष्ट पाहायची ऐपत ज्याला आहे, त्याला ती मिळते. आणि ज्याचा पगार खरोखर तुटपुंजा आहे, त्याच्या केबलवर झुंबरे लटकतात. पोळ्या लाटून घर चालवणारी बाई, शिकवण्या घेणारी सून, कंत्राटावर कामाला जाणारा मुलगा ही माणसे संध्याकाळच्या प्रेक्षकांत आहेत, पडद्यावर मात्र त्यांना जागा नाही. फार तर ती मोलकरीण म्हणून चहा आणून ठेवतात आणि मालकिणीचे गुपित दाराआडून ऐकतात.

मला यात करमणुकीपेक्षा अधिक काही गमावल्यासारखे वाटते. ज्या समाजाच्या रोजच्या गोष्टीतून कामच हद्दपार होते, तिथे काम करणाऱ्याला आपले जगणे सांगण्याजोगे वाटेनासे होते. वागळेने बोनसची वाट पाहिली, तेव्हा घरोघरच्या वागळ्यांना आपली काळजी हसण्याजोगी आणि म्हणून सोसण्याजोगी वाटली होती. वाहिन्यांनी बंगले पाडावेत असे माझे म्हणणे नाही. निदान एखाद्या घरात विजेचे बिल तरी येऊ द्या. त्यात पुरेसे नाट्य असते.