आंकडे कोणासाठीं?

शाळेंत नवें यंत्र आलें कीं आपल्या सुशिक्षित वर्गांत दोन तट पडतात. एकास त्यांत शिक्षणाचा उद्धार दिसतो, दुसऱ्यास सर्वनाश. डिजिटल फळा, टॅब आणि चाचण्यांच्या गुणांची रास यांविषयीं सध्यां असेंच चाललें आहे. आमच्या मतें दोन्ही पक्ष मुद्दा सोडून भांडत आहेत. यंत्र चांगलें कीं वाईट हा प्रश्नच नव्हे. त्यांतून निघालेला आंकडा कोणाकडे जातो, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रांत २०१५ सालीं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम निघाला, पायाभूत चाचण्या आल्या, ‘सरल’ प्रणालींत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद होऊं लागली. २०२३ पासून तिसरीपुढील मुलांचे प्रथम भाषा, गणित व इंग्रजी या विषयांतील गुण शिक्षकांनीं मोबाइलवरून पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे पाठवावे, असा शिरस्ता पडला. मूल कोठें अडलें हें कळावें, हा हेतु उत्तमच. पण कोणास कळावें?

लोणावळा-तळेगांवच्या लोहमार्गावरून दिसणारा मावळ निराळा, आणि टाकव्यापुढें अंदर मावळांत किंवा कामशेतहून आंत नाणे मावळांत शिरल्यावर लागणारा मावळ निराळा. तेथील ठाकर-कातकरी वस्त्यांजवळच्या लहान शाळांत एका खोलींत दोन-तीन इयत्ता बसतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस शिक्षक दिले दोन. इयत्ता मात्र पांच. आषाढांत पाऊस लागला कीं वीज जाते आणि तिच्यामागून रेंजही जाते. तेथल्या गुरुजींनीं मुलांस पाढे घालून देऊन मोबाइल हातीं धरून टेकाड चढावें, आणि त्यास आपण ‘माहितीच्या आधारें शिक्षण’ म्हणावें, यांतला विनोद आम्हांस तरी सोसत नाहीं.

एक साधें उदाहरण घेऊं. चौथींतील दोघांस ४३ मधून १७ वजा करावयास सांगितले. एकानें उत्तर लिहिलें ३४, दुसऱ्यानें ३६. दोघांनाही शून्य गुण. केंद्राच्या तक्त्यांत दोघे सारखेच. परंतु पहिला प्रत्येक स्थानीं मोठ्या अंकांतून लहान अंक वजा करीत आहे. दशक सुटा करावयाचा असतो हें त्यास ठाऊकच नाहीं. त्याच्यापुढें काड्यांचे गठ्ठे ठेवून एक सोडून दाखवावा लागेल. दुसऱ्यानें दशक सोडला आहे, तो कमी करावयाचें मात्र विसरला. त्यास एक खूण पुरेल. शिक्षकास उपयोगी पडेल असें जें कांहीं या उत्तरांत होतें, तें ‘शून्य’ लिहितांच गळालें. चाळीस मुलांच्या अशा चुका क्षणांत निवडून गट पाडण्याचें काम यंत्र खरोखर चांगलें करील. गुरुजी पहिलीला अक्षरें गिरवीत असतां तिसरीच्या मुलांस टॅबवर चूक तेथल्या तेथें कळेल, हाही लाभ थोडा नव्हे. म्हणून यंत्राची टवाळी करणाऱ्यांत आम्ही नाहीं.

‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ चाचणी २००५ पासून चालली आहे. तिला लागतो एक कागद: अक्षरें, शब्द, लहान उतारा, गोष्ट. मूल जवळ बसून वाचतें. कांहीं मिनिटांत त्याची पायरी कळते. त्याच पायरीवरून, इयत्ता बाजूस ठेवून, गट पाडून शिकविण्याची या संस्थेची रीत आहे. २०१९ चें नोबेल मिळविणाऱ्या अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनीं ती प्रयोगानें तपासली आहे. तिचें बळ यंत्रांत नाहीं. ज्यानें आज तपासलें त्याला उद्यां सकाळीं काय शिकवावें हें कळतें, यांत आहे.

अधिकारी म्हणतील, वरून पाहिल्याविना धोरण कसें ठरवावें? त्यासाठीं नमुना पुरतो. डिसेंबर २०२४ मधील ‘परख’ सर्वेक्षण निवडक शाळांतील तिसरी, सहावी व नववीच्या मुलांपुरतेंच होतें. त्यावरून देशाचें चित्र काढलेंच ना? प्रत्येक मुलाचा गुण वर गेला कीं तो शिक्षकाची झडती होतो. इंग्लंडांत १८६२ च्या नियमांनीं शाळेचें अनुदान परीक्षेच्या निकालावर टांगलें. मुलें वाचनाचें पुस्तक तोंडपाठ करून परीक्षकापुढें उभीं राहूं लागलीं. कवि मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळातपासनीस असून या पद्धतीचे कडवे टीकाकार होते. मुंबई इलाख्यानेंही तीच पद्धत उचलली होती. झडती होणार म्हटल्यावर गुण कोण खरे लिहील?

आणि आपण पालक! शाळेचा आलेख मोबाइलवर येतांच आपण विचारतों, ‘इतरांना किती?’ रूथ बटलर या संशोधिकेच्या १९८८ च्या प्रयोगांत कांहीं मुलांस नुसते गुण दिले, कांहींस नुसता लेखी अभिप्राय, कांहींस दोन्ही. प्रगति झाली ती नुसता अभिप्राय मिळालेल्यांची. गुण जोडतांच अभिप्राय वायां गेला. आम्हीं प्राध्यापकांनीं तरी उत्तरपत्रिका तपासून आयुष्यांत दुसरें काय केलें? आंकडा लिहिला आणि गठ्ठा बांधला.

आमची मागणी लहान आहे. पुढील चाचणीच्या उत्तरपत्रिका प्रथम मुलांच्या हातीं द्याव्या, गुरुजींस त्यांतील चुकांवर आठवडाभर शिकवूं द्यावें, आणि मगच गुण मागवावे. श्रावण सरेपर्यंत अंदर मावळांत तशीही रेंज कोठें असते?